उरलेली ओढ

वीज गेली तेव्हा हर्षिता भाषणात नेमकी तिच्या सगळ्यात आवडत्या चित्रापाशी पोहोचली होती.

धुळ्याच्या एका कॉलेजात विज्ञान दिनाचा कार्यक्रम होता. सभागृहाच्या खिडक्यांना जाड काळे पडदे लावलेले, त्यामुळे भर दुपारी मिट्ट काळोख झाला. पोरांनी हौसेनं आरडाओरड केली, कुणी शीळ घातली. मग शिपाई ओरडला, "बसून घ्या रे, जनरेटर लावायला माणूस गेलाय!"

हर्षिता अंधारात तशीच उभी राहिली. दोंडाईचाच्या मिरचीच्या व्यापाऱ्याची, जवरीलालजींची ही मुलगी जळगावच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती, आणि अशा कार्यक्रमांत बोलणं तिला मनापासून आवडायचं. तिचा विषयही तसा गोडच होता. मिथेनचे दोन रेणू. गोबरगॅसमध्ये असतो तोच मिथेन. ह्या दोघांमध्ये कसलाही बंध नाही, कुणावर विद्युतभार नाही, एकमेकांशी तसं काही देणंघेणं नाही… तरीही जवळ आले की एक किंचित ओढ जाणवते. अगदी किंचित. ती ओढ परदेशातल्या एका क्वांटम संगणकावर मोजायची संधी हर्षिताला मिळाली होती. आणि तिचं म्हणणं होतं की क्वांटम संगणकाला दिसलेली ओढ नेहमीच्या संगणकांना दिसणाऱ्या ओढीपेक्षा थोडी जास्त आहे. जुन्या यंत्रांच्या नजरेतून निसटलेलं काहीतरी नव्या यंत्रानं टिपलंय!

"मॅडम, एक विचारू?"

आवाज मागच्या कुठल्याशा रांगेतून आला. शांत, जरासा खर्जातला. घाई म्हणून नव्हती त्यात.

"विचारा की. अंधारात दुसरं काय करणार आपण?"

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत आवाज थांबला.

"तुम्ही ह्या दोन रेणूंना जवळ आणलंत, ओढ मोजलीत. मग हळूहळू लांब नेलंत. किती लांब नेलंत?"

"जिथवर ओढ कळण्यासारखी आहे, तिथवर."

"त्याच्याही पुढे? अगदी लांब… जिथे एकाला दुसऱ्याचा पत्तासुद्धा नसेल?"

पुन्हा कुणीतरी शीळ घातली. हर्षिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बरं झालं अंधार आहे, तिला वाटलं.

"तिथे ओढ शून्यच असणार."

"असणार, की आहे?"

"हे बघा, त्या यंत्रावर मोजकाच वेळ मिळतो. तो मी शून्य मोजण्यात का घालवू?"

"कारण तिथे शून्य आलं नाही…" आवाज क्षणभर अडखळला, जणू बोलू की नको अशा विचारात पडला, "तर इथे जी जास्तीची ओढ दिसतेय ती रेणूंची आहे की यंत्राची, हे कळायचं कसं?"

आणि वीज आली.

शेवटच्या रांगेत एक उंच, सडपातळ, सावळा तरुण उभा होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पण बाहीवर केळीच्या चिकाचे ते काळपट डाग, जे सात वेळा धुतले तरी निघत नाहीत. काखेत फाइल. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे तो हसत नव्हता. तिला पेचात पकडल्याचा आनंद वगैरे काही नाही. तो खरोखर उत्तराची वाट बघत होता.

हर्षिताला त्याच्यावर रागवायचं होतं. जमेना.

चहाच्या वेळी तीच कप घेऊन त्याच्यापाशी गेली. "कुठल्या कॉलेजचे तुम्ही?"

"तसा कुठलाच नाही. चोपड्याला तासिका तत्त्वावर शिकवतो. इथं मुलाखतीला आलो होतो, वरच्या मजल्यावर. साहेब जेवायला गेलेत म्हणाले."

"मग सभागृहात कसे?"

"पंखा होता. आणि शेवटी चहा आहे, असं दारातल्या मुलीनं सांगितलं."

"म्हणजे माझं भाषण चहावर फुकट मिळालं तुम्हाला!"

"छे! उलटं." त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि त्याचे डोळे विस्फारले. "भाषणापायी मुलाखत गेली की काय माझी…"

हातातला अर्धा कप त्यानं सरळ तिच्या हातात दिला आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत तो वर पळाला. मधल्या वळणावर थांबून, कठड्यावरून वाकून म्हणाला, "योगराज! माझं नाव. मीपण हेच दोन रेणू मोजलेत, साध्या संगणकांवर. चोपड्याला या, दाखवतो. गार हवेत बसवलेत."

"गार हवा? चोपड्यात? आता मार्च लागेल!"

पण तो गेला होता. दोन्ही हातांत दोन कप घेऊन हर्षिता जिन्याकडे बघत उभी राहिली.

*

जळगावला परतल्यावर तिनं तो प्रश्न झटकून टाकायचा पुष्कळ प्रयत्न केला. तिचे मार्गदर्शक देवरे सर म्हणाले, "एप्रिलअखेर जर्मनीचे पाहुणे येताहेत. तुझं काम आवडलं तर तिकडच्या प्रयोगशाळेत वर्षभर जायला मिळेल. यंत्रावरचा तुझा वेळ जवळपास संपलाय. उरलासुरला सांभाळून वापर. आहे ते नीट मांड, नवीन भानगड काढू नकोस."

सरांचं चूक नव्हतं. पण जेवताना, अंघोळ करताना, वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना तो आवाज कानात यायचाच. असणार, की आहे?

"प्रश्न छळतोय की माणूस?" तिची खोलीतली मैत्रीण मोनाली एकदा म्हणाली.

"प्रश्न."

"मग ओढणी इस्त्री करून कुठे निघालीस?"

"चोपड्याला," हर्षिता म्हणाली, आणि मोनालीच्या चेहऱ्याकडे न बघता बाहेर पडली.

*

चोपड्याच्या बसस्टँडवर उतरली तेव्हा ऊन डांबर वितळवत होतं. धुळ्याच्या कॉलेजातून नंबर मिळवून तिनं आदल्या दिवशी फोन केला होता, म्हणून योगराज मोटरसायकल घेऊन आला होता. गावाबाहेर केळीच्या बागांमधून रस्ता जात होता. दोन्ही बाजूंनी पाटाचं पाणी, मोठी मोठी फाटकी पानं आणि त्यांची हलती सावली. रस्ता संपला तिथे पत्र्याची एक लांबलचक इमारत होती. योगराजच्या वडिलांनी, जीवरामआबांनी, चार शेतकऱ्यांच्या भागीदारीत काढलेली केळी पिकवायची जागा.

त्यानं एक जाड दार ओढलं, आणि उन्हानं भाजलेल्या हर्षिताच्या अंगावर गारव्याची लाट आली. ती दचकून मागे सरली… आणि मग हसतच सुटली.

"इथे?"

"शेजारच्या खोल्यांत केळी. ह्या खोलीतलं दमटपणा धरणारं यंत्र बिघडलंय, म्हणून इथे माल ठेवत नाहीत. आबा म्हणाले, केळ्यांना एवढी थंड हवा देतो आपण, तुझ्या डब्यांनाही घे थोडी."

कोपऱ्यात लोखंडी मांडणीवर सहा जुने संगणक घरघरत होते. कुठल्याशा बँकेनं काढून टाकलेले. योगराजनं ते एकमेकांना जोडले होते आणि एका संगणकाला न पेलणारा हिशेब सहा जणांत वाटून देणारा प्रोग्राम स्वतः लिहिला होता. हर्षिता वाकून वाचू लागली. एक पान, दुसरं पान… कुठे मेमरी कमी पडेल, कुठे वीज जाईल, वीज गेली तर काम कुठून पुन्हा धरायचं… सगळ्याचा विचार. इतकं साधं आणि इतकं स्वच्छ की एखाद्या सुगरणीचा ओटा बघावा.

"हे… हे तुम्ही एकट्यानं केलंत?"

"वेळ होता. तासिकावाल्याला सुट्ट्या फार."

तो थट्टेनं म्हणाला, पण तिला हसू आलं नाही. तिला त्याचे हात बघत राहावंसं वाटलं.

"आता तुमचं सांगा," तो एक खोका पालथा घालून समोर बसला. "क्वांटम संगणकाबद्दल मी वाचलंय. पण ते यंत्र वापरणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

हर्षिता सांगू लागली. "दोन रेणूंची मिळून ऊर्जा म्हणजे प्रचंड मोठा आकडा असतो. ओढ म्हणजे दोन प्रचंड आकड्यांमधला इवलासा फरक. भरलेला ट्रक काट्यावर चढवायचा, मग ट्रकवर माशी बसल्यावर पुन्हा तोलायचा आणि माशीचं वजन सांगायचं… तसं. नेहमीचा संगणक इलेक्ट्रॉनांच्या सगळ्या शक्यता मोजू शकत नाही, त्या फारच असतात. मग तो हुशारीनं काही सोडून देतो. क्वांटम संगणकाचं तसं नाही. तो स्वतःच इलेक्ट्रॉनांच्या कायद्यानं वागतो. म्हणून तो कुठल्या शक्यता महत्त्वाच्या तेवढ्या सुचवतो, आणि पुढचा हिशेब साधा संगणक करतो."

"म्हणजे दोघं मिळूनच करतात."

"हो… तसं दोघं मिळूनच."

बोलायच्या नादात हर्षिताला दातावर दात वाजायला लागलेले कळलेही नव्हते. दारातून एक बाई आत आल्या. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. योगराजच्या आई, झुंबरबाई.

"योगा, तिले काही पांघराले दे ना रे! पोर बठ्ठी गारठी गई."

योगराजनं खुंटीवरचं हमालांचं जाड जाकीट काढून तिच्या खांद्यांवर टाकलं. टाकताना बोटं मानेला लागली असती, म्हणून त्यानं ती किती सांभाळून मागे घेतली, तेही तिच्या ध्यानात आलं. जाकिटाला पिकत्या केळ्यांचा गोडसर वास होता.

जेवताना आपल्याला कांदा-लसूण चालत नाही असं हर्षितानं म्हटल्यावर झुंबरबाई पाच मिनिटं काळजीत पडल्या, मग त्यांनी तुपाची धार धरून मुगाची खिचडी वाढली आणि वर केळी ठेवली. "हुशार शे पोर," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पन जेवाले लाज धरस."

निघताना योगराजनं त्याचा आलेख तिला दाखवला. ओढ शून्याच्या खाली दाखवायची रीत, त्यामुळे दोन रेणूंमधलं अंतर वाढत जातं तशी ओढीची रेघ वर चढत जाऊन शेवटी शून्यावर अलगद टेकत होती. हर्षिताची रेघ जिथे संपायची, त्याच्या पुष्कळ पुढे.

"माझा वेळ अगदी थोडा उरलाय यंत्रावर," ती म्हणाली.

"मग राहू द्या. मी उगाच—"

"उगाच नाही." तिनं जाकीट काढून त्याच्या हातात दिलं. "मी मोजणार."

*

उत्तर आलं ते एका दुपारी, प्रयोगशाळेत. हर्षितानं आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि फोन लावला.

"उरली," ती एवढंच म्हणाली.

"काय?"

"ओढ. एकमेकांचा पत्ताही नसेल इतक्या लांब नेलं दोघांना, तरी उरली. शून्य नाही आलं. तुम्ही म्हणालात तेच खरं. जास्तीची ओढ यंत्राचीच होती."

तिला वाटलं, आता तो म्हणेल, मी सांगितलं नव्हतं का.

"तुम्ही जेवलात का?" त्यानं विचारलं.

आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू हर्षिताला आलं.

तासा-दीड तासात तो जळगावला हजर होता. पाठीवर पिशवी, केसांत रस्त्याची धूळ. देवरे सरांना त्यानं वाकून नमस्कार केला आणि हर्षिताच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. सरांनी दोघांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि ते आपल्या खोलीत गेले.

त्यानंतर तो रोज तास संपले की यायचा. दोघं तिची रेघ आणि त्याची रेघ समोरासमोर ठेवून बसायची. भांडायचीसुद्धा. एका संध्याकाळी हर्षिता वैतागून संगणक बंद करायला निघाली, तेवढ्यात तो ओरडला, "अगं थांब—"

आणि जीभ चावली. "माफ करा. म्हणजे… थांबा."

"थांबलेय," ती पडद्याकडेच बघत म्हणाली. ओठांच्या कोपऱ्यात हसू काही लपेना. "पुढे बोल."

तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "तू लांबवर जेवढी उरलेली ओढ मोजलीस ना, ती जवळच्या प्रत्येक अंतरावरही तेवढीच असेल तर? यंत्र सगळीकडे सारखंच चुकत असेल तर? तेवढी वजा करून बघ."

तिनं वजा केली. तिची रेघ जराशी वर सरकली… आणि त्याच्या रेघेवर जाऊन बसली. एका ठिकाणी नाही, अख्खीच्या अख्खी. कुठली कुणाची, ओळखू येईना.

"माझं क्वांटम यंत्र तुझ्या यंत्रांपेक्षा वरचढ नाही," ती हळूच म्हणाली. "मी इतके दिवस सगळ्यांना चुकीचं सांगत होते."

"हर्षिता, हे बघ तरी!" योगराजचे डोळे चमकत होते. असा चेहरा तिनं त्याचा कधी पाहिला नव्हता. "माझी पद्धत किती वर्षांची आहे, ठाऊक आहे? किती माणसांनी घासूनपुसून इथवर आणलीये ती. आणि तुझं हे यंत्र म्हणजे काल जन्मलेलं पोर. सतत धडपडणारं, जरा गडबड झाली की विसरणारं. ते पोर आज ट्रकवरच्या माशीचं वजन बरोबर सांगतंय! मला काटा आला अंगावर. हे बघ."

त्यानं खरंच हात पुढे केला. हर्षितानं त्या काट्यावरून एक बोट फिरवलं. मग दोघांनीही घाईघाईनं आलेखाकडे पाहायला सुरुवात केली.

*

एप्रिलअखेर विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात पाहुणे बसले होते. पहिल्या रांगेत देवरे सर, हाताची घडी घालून. हर्षितानं पहिलंच चित्र लावलं ते लांबवर नेलेल्या दोन रेणूंचं. "फेब्रुवारीत मी एक दावा केला होता," ती म्हणाली, "तो चुकीचा होता. कसा चुकीचा होता, ते आधी सांगते."

सभागृहात कुजबुज झाली. योगराजचं नाव तिनं तीनदा घेतलं. शेवटी दोन रेघा एकमेकींवर आणून ठेवल्या.

जर्मनीच्या पाहुण्यांपैकी एक वयस्कर बाई होत्या, करड्या केसांच्या. त्यांनी माइक मागून घेतला. "केळीच्या गोदामातले सहा जुने संगणक हेच उत्तर देत असतील," त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तर मग तुमच्या महागड्या यंत्राचं काम काय?"

शेवटच्या रांगेकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तरी पाहिलंच. तो खुर्चीच्या टोकावर बसला होता, पुढे झुकून.

"मिथेनच्या जोडीपुरतं काहीच नाही," ती म्हणाली. "तिथे ते सहा संगणक राजे आहेत, आणि त्यांचा प्रोग्राम मी वाचलाय, म्हणून आदरानं सांगते. पण रेणू दुप्पट मोठा केला की त्यांचं काम सव्वाशे पटींनी वाढतं. एखादं औषध शरीरातल्या प्रथिनाला कसं हळूच चिकटतं, ते असंच किंचित ओढीनं. तो हिशेब गोदामात मावणार नाही, कुठल्याच इमारतीत मावणार नाही. तिथे नवं कुणीतरी लागेल. पण नव्यावर विश्वास कधी ठेवायचा? जिथे जुन्याचं उत्तर पक्कं ठाऊक आहे, तिथे ते जुळवून दाखवेल तेव्हा. आज त्यानं पहिल्यांदा जुळवून दाखवलं. मला वाटतं, ही हरवण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे."

बाईंनी माइक खाली ठेवला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. देवरे सरांनी हाताची घडी सोडली.

बाहेर गुलमोहराखाली योगराज तिची वाट बघत होता. तिनं धावत येऊन सांगितलं, "बोलावलंय! ऑक्टोबरपासून, वर्षभर. त्या म्हणाल्या, स्वतःची चूक शोधणारं माणूसच आम्हाला हवं होतं."

"मला माहीत होतं."

"खोटं. तू तर खुर्चीवरून पडायच्या बेतात होतास."

"ते… वेगळ्या कारणानं." तो जमिनीकडे बघत राहिला. "तिथे उभी असताना तू जशी दिसत होतीस ना…" पुढचं त्याला जमेना. "धुळ्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली," तो भलतंच बोलला.

हर्षितानं वाट पाहिली. गुलमोहराच्या पाकळ्या दोघांच्या मध्ये पडत राहिल्या. वर्षभर परदेशी चाललेल्या मुलीला तासावर शिकवणाऱ्यानं काय सांगायचं, असं काहीतरी त्याच्या कपाळावर लिहिलेलं तिला दिसत होतं. मग ती सुट्टीला दोंडाईचाला निघून गेली.

*

मे महिन्यात मिरचीच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. वर्षाचं तिखट करायचे दिवस. लाल मिरच्यांची पोती, तोंडाला रुमाल बांधलेले हमाल, मूठभर मिरच्या घेऊन रंग पारखणाऱ्या बायका. जवरीलालजी गादीवर बसून भाव सांगत होते. तेवढ्यात हातात केळ्यांची फणी घेतलेला एक उंच तरुण गर्दीतून पुढे आला.

"काय पाहिजे?"

"ह—" त्यानं तोंड उघडलं आणि सणसणीत शिंक आली.

"हळद? हळद समोरच्या दुकानात मिळेल."

"हळद नाही… हर्—" दुसरी शिंक. तिसरी. मग मोजदाद राहिली नाही. हमाल हसायला लागले.

दुकानाच्या मागेच घर. गलका ऐकून हर्षिता पडदा सारून बाहेर आली आणि जागच्या जागी खिळली. योगराज खांबाला धरून उभा होता. नाक लाल, डोळ्यांतून धारा, आणि केळ्यांची फणी मात्र छातीशी घट्ट धरलेली.

"पापा," ती म्हणाली, "हळद नाही. ते माझ्याकडे आलेत."

"तुझ्याकडे? काय काम?"

योगराजनं मान वर केली, छाती भरून श्वास घेतला… त्या दुकानात घेऊ नये तेवढा… आणि पुन्हा शिंकला.

"तू बोलू नकोस," हर्षिता म्हणाली. "मी बोलते." ती गादीसमोर येऊन उभी राहिली. "पापा, हा योगराज. चोपड्याचा. केळीवाल्या जीवरामआबांचा मुलगा. माझं चुकलेलं ह्यानं दाखवलं, आणि मग ते नीट करायलाही हाच येऊन बसला. मला हा आवडतो."

एक बाई मूठभर मिरच्या तशाच हवेत धरून उभी राहिली. जवरीलालजींनी मुलीकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे.

"हा रडतोय का?"

"मिरचीनं," हर्षिता म्हणाली.

"थोडं… थोडं दुसऱ्यानंही," योगराज कसाबसा म्हणाला.

जवरीलालजी गादीवरून उठले. "आधी आत ने त्याला. जीव जाईल पोराचा इथे."

आत हर्षिताच्या आईनं, चंद्रकांताबाईंनी, ताकाचा पेला पुढे केला. ताक पोटात गेल्यावर योगराजला जरा माणसासारखं बोलता यायला लागलं. जवरीलालजी समोर बसले.

"ही ऑक्टोबरात चालली. तू काय करशील?"

"शिकवीन. तिकडून ती मोजेल, इकडून मी. आमचं काम तर आता दोघांशिवाय होतच नाही."

"आणि तिकडेच राहावंसं वाटलं तिला?"

हर्षितानं चटकन मान वळवली. योगराजनं पेला खाली ठेवला. "मग तिथे तिच्यासाठी इथल्याहून मोठं काहीतरी असेल. ते सोडून ये, असं मी म्हणणार नाही. मला तिचं कामच आधी आवडलं. ती नंतर." मग घाईनं म्हणाला, "नंतर म्हणजे फार नंतर नाही."

जवरीलालजींनी नाक खाजवलं. चंद्रकांताबाईंनी मात्र मुद्द्यालाच हात घातला. "आमच्यात कांदा-लसूण चालत नाही."

"सोडीन."

"भरीतसुद्धा बिनलसणाचं?"

ह्या प्रश्नावर योगराज इतका वेळ थांबला की हर्षिताला ओठ चावून हसू आवरावं लागलं. "…सोडीन," तो शेवटी म्हणाला, पडलेल्या आवाजात.

"बाहेर खाल्लंस तर मी विचारणार नाही," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

जवरीलालजी उठून दुकानाकडे निघाले. पडद्यापाशी थांबले. "आई-वडिलांना घेऊन ये एकदा. सकाळी लवकर या, पोती उघडायच्या आत."

*

भुसावळकडे जाणारी गाडी संध्याकाळी होती. अमळनेरला उतरून त्याला चोपड्याची बस धरायची होती. हर्षिता स्टेशनवर सोडायला आली. फलाटावर ऊन तिरपं झालं होतं, कडुलिंबाचा मोहर वाऱ्याबरोबर येत होता. योगराजचे डोळे अजून लाल होते.

"सगळं मीच बोलले आज," ती म्हणाली. "तू शिंकण्यापलीकडे काय केलंस?"

"मी चोपड्यापासून पाठ करत आलो होतो."

"काय?"

"चार वाक्यं."

"मग म्हण ना."

गाडी आली. तो चढला, दारात उभा राहिला, ओठ हलले. नेमका इंजिनानं भोंगा दिला.

"काय म्हणालास? ऐकू नाही आलं!"

गाडीनं हिसका दिला, डबे हलले. योगराजनं एकदा पुढच्या रुळांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे… आणि उडी मारून फलाटावर उतरला. डबे त्याच्या पाठीमागून एकेक करत निघून गेले.

"अरे वेड्या, गाडी!"

"जाऊ दे." त्याला धाप लागली होती. शेवटचा डबा पुढे गेला, आवाज विरत गेला, आणि फलाटावर ती दोघंच राहिली. "चार वाक्यं विसरलो मी. एकच आठवतंय."

"म्हण."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, हर्षिता," तो म्हणाला. ह्या वेळी हळू, स्वच्छ, आणि एकदाही न शिंकता.